वजन झालं, मूल कोण पाहणार?

नर्सिंगच्या विद्यार्थिनीची बालरुग्ण परिचर्येची जर्नल चाळली तर तिच्या मेहनतीचं कौतुकच वाटतं. पानाच्या मधोमध पट्टीने आखलेली रेघ, डावीकडे ‘बुक पिक्चर’, उजवीकडे ‘पेशंट पिक्चर’. पुस्तकातलं मूल सहाव्या-सातव्या महिन्यात आधाराशिवाय बसतं, वर्षाच्या आसपास पहिला शब्द बोलतं. वॉर्डातलं मूल काय करतं ते समोर लिहायचं. खाली एरिक्सनच्या पायऱ्या, पियाजेच्या अवस्था, डोक्याचा घेर, दातांची संख्या. धुळं काय नि जळगाव काय, सगळीकडे रिवाज हाच. परीक्षक सही करतात, गुण पडतात आणि पुढेमागे फाइल रद्दीत जाते. उजव्या रकान्यातल्या मुलाचं नंतर काय झालं, हा प्रश्न परीक्षेत नसतो.

तीच मुलगी पुढे आरोग्यसेविका होऊन साक्री किंवा चोपडा तालुक्यातल्या उपकेंद्रावर जाते. तिथे तिला पुन्हा रकानेच भेटतात. फक्त आता डावी बाजू उरलेली नसते. किती मुलांचं लसीकरण झालं, किती वजनं घेतली, किती नोंदी ऑनलाइन भरल्या. आढावा बैठकीत विचारणा होते ती ‘किती’ची. बाळ आईच्या डोळ्यांत बघतं का, हाकेला वळतं का, एकाच हाताने खेळतं का, हे विचारायची तिथे पद्धत नाही. विचारलंच तर उत्तर ऐकायला वेळ नाही.

खान्देशात ही हयगय परवडणारी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, ३६.१ टक्के कमी वजनाची आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. हा शेवटचा आकडा देशाच्या सरासरीहून, म्हणजे १९.३ टक्क्यांहून, बराच वर आहे. कुपोषण म्हटलं की राज्याला पहिल्यांदा नंदुरबार आठवतो. पण १ जुलै १९९८पर्यंत नंदुरबार हा धुळे जिल्ह्याचाच भाग होता. रेषा नकाशावर पडली. सातपुड्याचे पाडे, तिथली गरिबी आणि कामासाठी घर सोडणं शिरपूरच्या उत्तर पट्ट्यातही तेच, चोपडा-यावल-रावेरच्या डोंगराकाठीही तेच. खाली केळीच्या बागांना ठिबकने पाणी चाललेलं असतं आणि काही मैलांवर, वरच्या पाड्यात, दीड वर्षाचं पोर उभं राहत नाही.

ते उभं राहत नाही हे कळतं कसं? वजनावरून नाही. खरं तर वजन-लांबीचं मापही वाटतं तितकं सरळ नाही. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची असते आणि त्याला दोन माणसं लागतात. एकीने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून तळपायाला सरकती फळी लावायची. प्रत्यक्षात अंगणवाडीची मदतनीस खिचडीत गुंतलेली, सेविका एकटी, मूल टाहो फोडतंय, आई ओशाळलेली. गुडघा वाकलेलाच राहतो नि लांबी दीड-दोन सेंटिमीटर कमी भरते. लांबी कमी भरली की तेच वजन त्या लांबीला पुरेसं दिसतं आणि तीव्र कुपोषित मूल कागदावर सुधारतं! वजनकाट्यावर अंगातला स्वेटर, पायातले वाळे, कमरेचा करगोटा तसाच असतो. वही उघडून पाहावी: बरीच वजनं साडेसात, आठ, साडेआठ अशी अर्ध्या किलोच्या टप्प्याने आलेली दिसली, तर काटा नीट वाचला गेलेला नाही हे समजावं.

वयाचंही तसंच. जन्मतारीख ‘भोंगऱ्यानंतरच्या दुसऱ्या बाजाराला’ अशी सांगितली जाते, तेव्हा भोंगऱ्या हा होळीच्या सुमाराचा बाजार हे जाणून अनुभवी नर्सबाई होळीची तिथी धरून महिना काढतात. बाळ आठव्या महिन्यातच जन्मलं असेल तर जितके आठवडे लवकर तितके वयातून वजा करून मग त्याच्या हालचालींचा हिशेब करायचा असतो. नाहीतर धडधाकट बाळाला मागे पडल्याचा शिक्का बसतो आणि आईच्या जिवाला घोर लागतो. हे सगळं अ‍ॅपला कळत नाही, नर्सला कळतं. २०२१मध्ये आलेल्या पोषण ट्रॅकरने नोंदी झटपट झाल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण भरलेल्या आकड्याची श्रेणी लावून देणं एवढंच ते यंत्र करतं. आकडा खरा की खोटा हे हातानेच ठरतं.

विकासाची तपासणी तर आणखी नाजूक. जगभर गाजलेली डेन्व्हर चाचणी १९६७ची, अमेरिकेतली. तिच्या सुधारित आवृत्तीत मूल स्वतःसाठी सीरियल तयार करतं का, बोर्डगेम खेळतं का, असे प्रश्न आहेत. शिरपूरच्या पाड्यात याचं काय करायचं? आपल्याकडे प्रमिला फाटक यांनी हे फार आधी ओळखलं होतं. बडोद्यातल्या मुलांवर काम करून त्यांनी भारतीय बाळांसाठी विकासमापनाची श्रेणी बसवली. १९९७मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. कारक क्षमतेच्या ६७ आणि मानसिक क्षमतेच्या १६३ पायऱ्या असलेली ही चाचणी आजही देशभर वापरात आहे. ती पूर्ण करायला प्रशिक्षित माणूस आणि साहित्याची पेटी लागते; ती उपकेंद्राच्या आवाक्यातली नव्हे. पण फाटकांचा धडा उपकेंद्राच्या कामाचा आहे. मूल जिथे वाढतं तिथल्याच वस्तू समोर ठेवून ते जोखा. भाकरीचा तुकडा दोन बोटांत धरतं का, आई धान्य पाखडते तशी सुपाची नक्कल करतं का, शेळीला हाकलतं का, हे प्रश्न दोन मिनिटांचे आहेत. त्यांत हात, डोळे, कान आणि समज यांची एकदमच तपासणी होते.

आणि ते आईच्या बोलीत विचारले पाहिजेत. ‘भाषिक विकास वयानुरूप आहे का’ हे कार्डावर छापून कुणाचं भलं होत नाही. ‘पोऱ्या चालस का?’ असं अहिराणीत विचारलं की आई मोकळी होते. चालतं, पण लंगडतं, हेही ती आपणहून सांगते. पावरी बोलणाऱ्या आईशी पावरीतच बोलावं लागतं. धुळे-जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतल्या कित्येक आशाताई या बोली घरातूनच घेऊन आल्या आहेत. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत मात्र या बोलींना जागा मिळालेली नाही.

मूल पाहणं डॉक्टरचं काम, नर्सने नोंदी ठेवाव्यात, ही समजूत महाराष्ट्रानेच खोटी पाडली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. श्वास मोजणं, वजन, ताप, जंतुसंसर्गाची खूण, सगळं. नवजात मृत्यूंचा दर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. आज आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते, त्या पद्धतीचं मूळ तिथेच आहे. पण गडचिरोलीच्या यशातली एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो. तिथल्या आरोग्यदूत बाईच्या पिशवीत वहीबरोबर औषधही होतं. जिने ओळखलं तिलाच पुढचं पाऊल उचलायची मुभा होती.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभही फेब्रुवारी २०१३मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाला. जन्मतः असलेली व्यंगं, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब, अशा चार बाजूंनी अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासायची. पथकाने अंगणवाडीला वर्षातून दोनदा, शाळेला एकदा भेट द्यायची. आराखडा उत्तम आहे. पण दोन भेटींच्या मध्ये मुलाच्या वाढीचे सहा महिने असतात, आणि खान्देशात त्या सहा महिन्यांत पाडाच रिकामा होतो. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी गुजरातेत. लेकरं बैलगाडीत नि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. पथक येतं तेव्हा मूल फडावर असतं. जिथे असतं तिथल्या अंगणवाडीच्या पटावर त्याचं नाव नसतं. आधी कुणी संदर्भचिठ्ठी दिली असली तरी जिल्हा रुग्णालयात काय निष्पन्न झालं, हे उपकेंद्राच्या सिस्टरपर्यंत परत पोचण्याची खात्री नसते.

नर्सच्या डोक्यावर आधीच ओझं आहे, त्यात हे आणखी कशाला, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. त्याला उत्तर म्हणून नवं रजिस्टर आणि नवं उद्दिष्ट देऊ नये. दोन-तीन रजिस्टरं कमी करावीत, हा पहिला उपाय. दुसरा उपाय ज्या जर्नलींच्या गठ्ठ्यापासून ही चर्चा निघाली तिथे आहे.

धुळे-जळगावच्या नर्सिंग विद्यार्थिनींना बालविकासाचं मूल्यमापन अभ्यासक्रम म्हणून करावंच लागतं, सामुदायिक आरोग्याच्या कामासाठी खेड्यांतही जावं लागतं. या दोन गोष्टी एकत्र करून त्यांना सप्टेंबर-ऑक्टोबरात सातपुड्याकाठच्या आणि साक्रीच्या पश्चिमेकडच्या गावांत पाठवावं. लांबी मोजायला लागणारी हातांची दुसरी जोडी तिथेच मिळते. प्रत्येकीने पाच-दहा मुलं नीट तपासावीत. मागे पडलेल्या मुलाची चिठ्ठी आईच्या माता-बाल संरक्षण कार्डात अडकवावी, म्हणजे टोळी कुठेही गेली तरी तिथल्या सिस्टरला ती वाचता येईल. आणि होळीला लोक परतल्यावर त्याच मुलीने तेच मूल पुन्हा पाहावं. गुण दुसऱ्या भेटीनंतरच द्यावेत. एसटीचं भाडं, सोबतीला पाठ्यनिर्देशिका, मुक्कामाला आश्रमशाळा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, एवढीच व्यवस्था लागते, आणि तिच्यासाठी जिल्हा परिषदेने पुढाकार घ्यावा. ऊसतोडीच्या मुकादमाची आगाऊ उचल पावसाळ्यातच वाटून झालेली असते. त्यामुळे याचं पत्र गणपतीच्या आधी निघायला हवं.