हक्काचे भाडे कोणी भरायचे?

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. माझे उत्तर सरळ आहे. सणाला सारे गोत एकत्र जमते, तेव्हाच ध्यानात येते की घरातला तीन वर्षांचा मुलगा हाक मारली तरी वळून पाहत नाही, बोट दाखवून काही मागत नाही, फटाका वाजला की कान दाबून कोपरा धरतो. आजी म्हणते, "याचा बापसुद्धा उशिराच बोलायला लागला!" सगळे हसतात आणि आणखी एक वर्ष निघून जाते.

सगळीच उशिरा बोलणारी मुले स्वमग्न नसतात. पण जी असतात, त्यांची ही वर्षे मोलाची असतात. स्वमग्नता ही मेंदूच्या वाढीची निराळी तऱ्हा आहे. आईची माया कमी पडल्याने ती येत नाही आणि औषधाच्या बाटलीने जात नाही. मात्र वाचोपचार, व्यवसायोपचार आणि आईबापांना रीतसर शिकवणे यांचा लवकर आरंभ झाला, तर पुष्कळ मुले आपले म्हणणे सांगू लागतात, आपली कामे आपण करू लागतात.

आता आपल्या कायद्याचे औदार्य पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत स्वमग्नता धरली. त्याच कायद्याचे २५ वे कलम ठरावीक उत्पन्नाच्या आतील दिव्यांगांना घराजवळ, विशेषेकरून ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा देण्यास सांगते. 'घराजवळ' हा शब्द वाचकांनी नीट ध्यानात ठेवावा. त्याआधी २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्या पालघरातून. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीतील मुले तपासतात आणि शंका आलेले मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात.

इथपर्यंत सारे छान! पण दुभंगलेला ओठ शिवून घ्यायला जिल्ह्याला थोड्या खेपा पुरतात. स्वमग्न मुलाला आठवड्याच्या आठवड्याला, वर्षानुवर्षे जावे लागते. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर आहे. दर आठवड्याला मजुरी बुडवून, दुसरे लेकरू शेजारणीकडे ठेवून, आवाजाने बिथरणाऱ्या मुलाला घेऊन कोणती माउली ही वारी करील? उपचार फुकट आणि उपचारापर्यंतची वाट विकत, याला मी मोफत म्हणत नाही.

विम्याचीही तीच गत. 'निरामया' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. पण रीत अशी की अगोदर अपंगत्वाचा दाखला काढा, मग उपचाराचे पैसे स्वतः भरा, पावत्या जोडा आणि परताव्याची वाट पाहा. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे आहेत, त्यालाच ते परत मिळायचे! पुण्यातली माझी भाची हे सारे चोख करते. नवराबायको दोघेही नोकरीत आहेत. तिला मिळते ते तिच्या हक्काचेच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की हा हक्क पगाराची पावती पाहून घरी येतो.

"तज्ज्ञ खेड्यात जायला तयार नसतात," असे सांगितले जाते. मान्य. पण पोलिओचे थेंब आपण वाडीवस्तीवर, ऊसतोडीच्या फडावर नेलेच ना? २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला, तो आयांना जिल्ह्याला बोलावून नव्हे. जिल्ह्याच्या तज्ज्ञाने ठरल्या वारी तालुक्याच्या रुग्णालयात बसावे. अंगणवाडीताईला आणि आईबापांना रोजच्या खेळातून करायचे उपचार शिकवावेत. जावे लागेलच तिथे एस.टी.चे भाडे आणि बुडालेला रोज सरकारने द्यावा. विम्याचे पैसे परस्पर उपचार करणाऱ्याला मिळावेत, पालकाला आधी उसनवारी करावी लागू नये.

यात अशक्य असे काय आहे? आपल्या तालुक्यात हा तज्ज्ञ कोणत्या वारी येतो, हा प्रश्न मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारा. आणि या दिवाळीत आजी "बोलेल हळूहळू" म्हणाली, तर तिचा मान राखूनच, पण मुलाला तपासून आणा.