किरकोळ

मराठी भाषेतला एकच शब्द हद्दपार करण्याचा अधिकार सरकारने मला दिला, तर मी 'किरकोळ' या शब्दाची गचांडी धरून त्याला बाहेर काढीन. तसा हा शब्द दिसायला गरीब. हिशेबाच्या वहीत 'किरकोळ खर्च' म्हणून शेवटच्या ओळीत अंग चोरून बसलेला असतो. पण हाच शब्द माणसाच्या दुखण्यापुढे लावला की काय होतं, ते मला विचारा. मी बी. कॉम. आहे, बँकेत कारकून आहे, आणि गेली सहा वर्षं माझ्या रक्तात क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया नावाचं एक चालू खातं आहे.

हां, लगेच चेहरा पाडू नका! प्रकरण आमच्या धंद्यातलंच आहे. पेशीत गुणसूत्रं नावाच्या खातेवह्या असतात. माझ्या काही पेशींत ९ नंबरच्या वहीतलं पान २२ नंबरच्या वहीला आणि २२ चं ९ ला चिकटलं. एवढ्या एका चुकीच्या नोंदीने पांढऱ्या पेशी भरमसाट वाढत सुटल्या. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये जिथे चार ते अकरा हजार असायच्या, तिथे माझ्या निघाल्या एक लाख चाळीस हजार. एवढी घसघशीत वाढ मला आयुष्यात एकदाच मिळाली, आणि तीही पगारात नाही! ही आखूड झालेली २२ नंबरची वही १९६० साली फिलाडेल्फियात सापडली. पानांची अदलाबदल जॅनेट राउली या बाईंनी १९७३ साली दाखवली. आणि त्यावरची इमॅटिनिब ही गोळी २००१ साली, म्हणजे मी बँकेत चिकटलो त्याच वर्षी, अमेरिकेत मंजूर झाली. त्याआधी या आजाराचं खातं बहुधा थोड्याच वर्षांत बंद होत असे. आता रोज जेवणाबरोबर एक गोळी, वर पेलाभर पाणी, तीन महिन्यांनी रक्ततपासणी. आणि गोळी लागू पडलेले बरेचजण चारचौघांइतकं जगतात. गोळीने सकाळी पापण्या सुजतात. त्यामुळे काहींना वाटतं, मी रात्रभर रडलो. आणि काहींना वाटतं, प्यालो.

तर हे झालं मोठं दुखणं. माझं भांडण त्याच्याशी नाही. भांडण आहे ते माशांवरून.

गेल्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यापुढे एक माशी आली. मी हाताने वारली. हिने विचारलं, "अहो, कुणाला टाटा करताय?" मी म्हटलं, "माशीला." घरात माशी नव्हती. दुसऱ्या दिवशी एका व्हाउचरवर पंधराशेच्या आकड्यात मला भलत्याच ठिकाणी टिंब दिसलं आणि मी पंधरा रुपये म्हणालो. पलीकडच्या गृहस्थाने माझ्याकडे पाहिलं ते अजून विसरलो नाही. टिंब बघायला जावं तर पळायचं, सोडून द्यावं तर सावकाश परत यायचं. थेट वसुलीच्या वेळचा कर्जदार!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "याला फ्लोटर्स म्हणतात. डोळ्यात जेलीसारखा पदार्थ असतो. वयाने तो पातळ होतो, त्यातले धागे गोळा होतात आणि त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. किरकोळ आहे. दुर्लक्ष करा." त्या जेलीचं शास्त्रीय नाव व्हिट्रिअस ह्यूमर. म्हणजे माझ्या ह्यूमरला चाळिशीतच पाणी सुटलं! वाचकांना हे आधीच लक्षात आलं असेल.

डॉक्टरांचं एक वेळ ठीक. त्यांनी निदान आत डोकावून पाहिलं होतं. पण बाकीचे? ऑफिसातले मित्र म्हणाले, "अरे, एवढा मोठा आजार पचवलास, आणि ठिपक्यांचं काय घेऊन बसलास!" मामी म्हणाल्या, "त्या मानाने हे काहीच नाही हो." हे 'त्या मानाने' म्हणजे किरकोळचं थोरलं भावंड. ज्याच्याकडे एक मोठं दुखणं आहे, त्याला लहान दुखणं बाळगायचा हक्क नाही, असा समाजाचा नियम आहे. शिवाय १९७१ च्या 'आनंद' चित्रपटापासून लोकांची अपेक्षा अशी, की कॅन्सरच्या पेशंटने सतत हसावं, हसवावं आणि भेटायला आलेल्यांना जगण्याचं बळ द्यावं. मी त्यांना डोळ्यांतल्या ठिपक्यांची तक्रार सांगितली, की तिकिटाचे पैसे वाया गेल्यासारखे परत जात.

याचा परिणाम ऐका. दिवाळीनंतर एका गुरुवारी भर काउंटरवर डोळ्यापुढे काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला आणि कडेला चक्क काजवे चमकले. डोळ्यांपुढे काजवे चमकणे हा वाक्प्रचार मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता शिकलो होतो. घाबरलो. पण बोललो नाही. म्हटलं, पुन्हा सगळे 'किरकोळ' म्हणतील. शुक्रवार, शनिवार, रविवार गप्प बसलो.

सोमवारी रक्ताच्या डॉक्टरांकडे ठरलेली तपासणी होती. आकडे उत्तम. उठता उठता, दाराला हात लावून, मी ओशाळून ठिपक्यांचं सांगितलं. डॉक्टरांचं हसू मावळलं. "कधीपासून?" "गुरुवारपासून." "आणि आज सांगताय?" त्याच दुपारी त्यांनी मला पडद्याच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, प्रखर उजेडात पाऊण तास शोधाशोध झाली. जेली पडद्यापासून सुटली होती. रक्तस्राव नव्हता, पडदा फाटलेला नव्हता. माझं नशीब. ते डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमच्यासारख्या रक्ताच्या पेशंटच्या पडद्यावर रक्तस्राव होऊ शकतो. आणि जेली ओढली जाऊन पडदा फाटणं तर कुणाच्याही बाबतीत घडतं. वेळेवर कळलं तर लेझरने भागतं. पडदा सुटला तर ऑपरेशन, आणि दृष्टीची हमी नाही. अचानक ठिपके वाढले, काजवे चमकले, कडेने पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी या."

चार दिवस! शरमेपोटी मी डोळा पणाला लावला होता.

नोकरीला लागलो तेव्हा आमच्या आडगावच्या शाखेत हाताने लिहायच्या खातेवह्या होत्या. एका संध्याकाळी दहा पैशांचा फरक आला. मी हेडक्लार्कना म्हटलं, "साहेब, लाखो रुपये जुळलेत. दहा पैसे खिशातून टाकतो." ते म्हणाले, "बाळ, फरक दहा पैशांचा आहे. चूक केवढ्याची आहे ते अजून कळायचंय." रात्री साडेदहाला कळलं. नावे आणि जमा, दोन्हीकडे हजारोंच्या चुका होत्या. एकमेकींना झाकून फक्त दहा पैसे बाहेर डोकावत होते. बँकेत जे शेंबड्या शिकाऊ कारकुनाला शिकवतात, ते माणसांना आजाऱ्याच्या उशाशी कसं आठवत नाही? किरकोळ हा शेरा तपासणीनंतर मारायचा असतो, तपासणीऐवजी नाही!

आता तुम्ही म्हणाल, तपासणी झाली, धोका नाही, मग अजून कुरकुर कशाला? तर साहेब, तीही मी करणार. मोठं दुखणं फायलीत असतं, तीन महिन्यांनी एकदा भेटतं. लहान दुखणं चोवीस तास डोळ्यांपुढे असतं; आकाशात, भिंतीवर, हिच्या चेहऱ्यावर. आणि दुसरं असं, की ज्याला उद्या घर सोडायचंय तो नळ गळतो म्हणून घरमालकाशी भांडत नाही. मी भांडतोय, कारण मला अजून बरीच वर्षं इथे राहायचंय. माझी कुरकुर ऐकून खरं तर तुम्ही पेढे वाटायला हवेत.

परवा ऑफिसात चहात एक माशी दिसली. डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. नजर फिरवली तरी ती हलली नाही, तेव्हाच संशय यायला हवा होता. अर्धा कप संपल्यावर शिपाई म्हणाला, "साहेब, माशी!"

म्हणून सांगतो, आधी बघा. मग म्हणा किरकोळ.