रझाकार कोणी व्हायचे?

१७ सप्टेंबर हा आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, पण आपले गाव झाले नाही. आपण हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो आणि निजाम भारतात यायला तयार नव्हता. १३ सप्टेंबर १९४८ ला पोलीस कारवाई सुरू झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. मी मधले दिवस मोजले. २९ फेब्रुवारी धरून ३९९ भरले.

झेंडावंदन झाले, खाऊ मिळाला की आपण मैदानावर मुक्तिसंग्राम खेळतो. स्वामी रामानंद तीर्थ व्हायला सगळे भांडतात. (स्वामीजी आधी हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शाळेत शिकवीत. पण खेळात त्यांना कोणी शिकवू देत नाही, नुसत्या घोषणा द्यायला लावतात.) मुलींना दगडाबाई शेळके व्हायचे असते, कारण घोडा मिळतो.

रझाकार व्हायला मात्र कोणी तयार नसते. मग सगळे वर्गातल्या एकाच मुलाकडे बघतात. "तूच हो की रे. तुमचेच होते ना ते!" पहिलीत तोच झाला, दुसरीतही तोच. शेवटी सगळे त्याला पाडून पाठीवर बसतात. तिसरीत तो खाऊ न घेताच घरी गेला.

मला हे पटत नाही. रझाकार ही कासीम रझवीची माणसे. त्यांनी गावे लुटली, माणसे मारली, हे खरे आहे. माझी पणजी सांगायची, ज्वारी पेवात दडवून सगळे रातोरात पळाले. पण या मुलाचे पणजोबा तेव्हा दुसऱ्याची ढोरं राखत होते. ते कुठले रझाकार!

आणि गुरुजींनी शोएबुल्लाखान यांची गोष्ट सांगितली, ती विसरलात का? ते हैदराबादला 'इमरोज' नावाचे उर्दू वर्तमानपत्र काढीत. हैदराबाद भारतात यावे असे त्यांनी त्यात लिहिले. म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री घरी जाताना रझाकारांनी त्यांना मारले. मुक्ती यायला महिना पण राहिला नव्हता. आपल्या खेळात शोएबुल्लाखान कोणी होतच नाही.

कोणी म्हणेल, खेळच तर आहे. मग तू हो ना!

यंदा चिठ्ठ्या टाकाव्यात. ज्याला रझाकार निघेल त्याने कुरकुर न करता व्हावे, वर्गनायकाने पण, मुलींनी पण. पाठीवर बसायचे नाही. चिठ्ठ्या मी करून आणतो. त्याला घरून बोलवायला पण मीच जाणार आहे, फक्त अजून कोणीतरी सोबत पाहिजे.

— इयत्ता चौथी