सोळा जणी आणि 'पळान गेली आसतली'

कालपासून ग्रुपवर महानंद नाईकची जुनी बातमी परत फिरतेय. खाली नेहमीच्या कमेंट्स. फाशी द्या, चौकात लटकवा. मला जरा वेगळं बोलायचंय.

नव्या पोरांसाठी थोडक्यात सांगतो. महानंद शिरोड्याचा. आपलं वेंगुर्ल्याचं शिरोडा नव्हे, गोव्यातलं, फोंडा तालुक्यातलं. रिक्षा चालवायचा. गरीब घरातल्या, लग्न न जमलेल्या मुली हेरायच्या, लग्नाचं वचन द्यायचं, दागिने घालून ये म्हणायचं आणि तिच्याच ओढणीने गळा आवळायचा. मग सोनं विकायचं. एप्रिल 2009 मध्ये पकडला गेला तेव्हा 1994 पासूनच्या 16 खुनांचा आरोप त्याच्यावर आला.

पंधरा वर्षं! एवढा हुशार होता काय? अजिबात नाही. मुलगी कुणाबरोबर तरी गेली, आता बोभाटा कशाला, म्हणून कित्येक घरं गप्प बसली. तिकडे रानात मृतदेह मिळाला की 'अनोळखी महिला' अशी नोंद. एक कागद इथे, एक तिथे. ते शेजारी ठेवून बघायला पंधरा वर्षं लागली.

त्याला जन्मठेप झाली, पण मोजक्याच खटल्यांत. बाकी बहुतेक खटल्यांत पुराव्याअभावी सुटला. यावर लोक कोर्टाला शिव्या घालतात. अहो, पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासूनचा आहे आणि तो हवाच. नाहीतर दोन फटके देऊन कुणाकडूनही काहीही वदवून घेतील. मग पुरावा आणायचा कुठून? मुलगी हरवली त्याच आठवड्यात शोध घेतला तर मिळतो. दहा वर्षांनी काय मिळणार, हाडं?

बेल्जियममध्ये मार्क दुत्रू 1996 मध्ये पकडला गेला. पोलीस त्याआधी त्याच्या घराची झडती घेऊन, मुलांचे आवाज कानावर पडूनही परत गेले होते. तळघरात कोंडलेल्या दोन लहान मुली पुढे उपाशी मेल्या. दुत्रूला जन्मठेप 2004 मध्ये झाली, पण लोक तेवढं थांबले नव्हते. ऑक्टोबर 1996 मध्येच तीनेक लाख माणसं ब्रुसेल्समध्ये रस्त्यावर आली. राग खुन्यावर होता तेवढाच यंत्रणेवर. शेवटी सरकारला पोलीस खात्याची रचनाच बदलावी लागली.

आता आपलं बघा. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या कितीतरी मुली गोव्यात कामाला जातात. मुलगी 18 वर्षांखालची असेल तर अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो. 19 वर्षांची असेल तर नुसती 'मिसिंग'ची नोंद. एका ठाण्यात मी स्वतः ऐकलंय. बाप बाहेर बाकड्यावर बसलेला आणि आतून आवाज, "पळान गेली आसतली, येतली चार दिवसांनी." गेलीही असेल हो, बहुतेक जातातच. पण त्या सोळा जणींबद्दलही लोक हेच म्हणत होते.

म्हणून जिल्हा पोलिसांकडे माझी साधी मागणी आहे. 18 वर्षांवरच्या बेपत्ता महिलांची तालुकावार आकडेवारी दर महिन्याला जाहीर करा, आणि ती यादी गोवा पोलिसांकडच्या अनोळखी मृतदेहांच्या नोंदींशी ताडून बघा. आणि कुणाच्या घरची मुलगी हरवली असेल तर तक्रारीची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. कोणी देत नसेल तर मला फोन करा, मी येतो सोबत.