संगणकगप्पा : जुनं घर सोडायचं का?

दोस्तांनो, तुमच्या घरच्या जुन्या संगणकावर ‘विंडोज १०’ आहे? मग हा प्रश्न तुमच्याही दारात आलाय. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने या प्रणालीची नेहमीची मोफत दुरुस्ती थांबवली. संगणक बंद पडत नाही. पण नवं भोक सापडलं तर बुजवणार कोण? ‘विंडोज ११’ घालावं, तर टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. मग काय, यंत्र भंगारात?

थांबा! दुसरी वाट आहे लिनक्सची. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली, २१ व्या वर्षी, ती सुरू केली. मिळते फुकट! आपल्या सी-डॅकने तिच्यावरून मराठीही चालणारी ‘बॉस’ प्रणाली बनवली. सी-डॅकचं एक केंद्र नवी मुंबईतच आहे बरं का!

पण एकदम उडी नको. आधी फोटो, फायली दुसरीकडे उतरवून ठेवा. मग लिनक्स पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. आतल्या विंडोजला धक्का लागत नाही. प्रिंटर चालतो? वायफाय? आजोबांचे लेख श्रीलिपीत असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर अक्षरांची खिचडी दिसते. ते आधीच युनिकोडमध्ये करून घ्या.

आईचं टॅली मात्र विंडोजसाठीच बनलंय. असं गरजेचं काम अडत असेल, तर जुना संगणक इंटरनेटपासून तोडून तेवढ्यापुरताच ठेवा. काही अडत नसेल, तर खुशाल बदला. आणि हो, शेवटचं बटण घरच्यांना विचारूनच दाबा हं!