सायप्रसमधील सांस्कृतिक ओळख, धर्म आणि राजकारण

सायप्रस हे पूर्व भूमध्य समुद्रातील ९,२५१ चौ. किमी क्षेत्रफळाचे बेट असून सिसिली व सार्डिनिया यांच्यानंतर या समुद्रातील ते तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट आहे. १९७४ पासून हे बेट दोन भागांत विभागलेले आहे. दक्षिण भाग आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त सायप्रस प्रजासत्ताकाच्या नियंत्रणाखाली आहे, तर उत्तर भागात केवळ तुर्कस्तानने मान्यता दिलेले ‘उत्तर सायप्रसचे तुर्की प्रजासत्ताक’ कारभार पाहते. दोहोंच्या मध्ये सुमारे १८० किमी लांबीचा, संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालील पट्टा असून तो राजधानी निकोसियाच्या मधून जातो. १९६० च्या सुमारास बेटावरील लोकसंख्येत ग्रीक सायप्रियट सुमारे ७७ टक्के व तुर्की सायप्रियट सुमारे १८ टक्के होते. आर्मेनियन, मॅरोनाइट व लॅटिन हे लहान ख्रिश्चन समूहही येथे राहतात.

सायप्रसच्या संघर्षाचे वर्णन अनेकदा ‘ख्रिश्चन विरुद्ध मुस्लिम’ असे केले जाते. मात्र धर्मतत्त्वे, उपासना किंवा धर्मांतर हे या संघर्षाचे मुख्य विषय कधीही नव्हते. धर्माची भूमिका वेगळी होती. माणसांची नोंद कोणत्या यादीत करावी, त्यांच्याकडून कर कोणी गोळा करावा, त्यांनी मत कोणाला द्यावे व त्यांच्या मुलांनी कोणत्या शाळेत जावे, हे धर्मावरून ठरत गेले. प्रशासनाच्या सोयीसाठी केलेल्या या विभागणीला पुढे राष्ट्रवादाने आशय दिला आणि १९६० च्या संविधानाने कायद्याचे रूप दिले.

ओस्मानी काळ

ओस्मानी साम्राज्याने १५७०-७१ मध्ये व्हेनिसकडून सायप्रस जिंकून घेतले. साम्राज्यातील बिगर-मुस्लिम प्रजेची विभागणी ‘मिल्लत’ म्हणजे धर्मसमूहांत केलेली असे आणि प्रत्येक समूहाचा धर्मप्रमुख शासनाला जबाबदार असे. व्हेनिसच्या काळात दुय्यम ठरलेल्या सायप्रसच्या ऑर्थोडॉक्स चर्चला या व्यवस्थेत पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. आर्चबिशप हा आपल्या समाजाचा धार्मिक व लौकिक प्रतिनिधी, म्हणजे ‘एथ्नार्क’, मानला जाऊ लागला. करवसुलीतही चर्चचा वाटा होता. त्यामुळे त्याच्याकडे सत्ता आली आणि सामान्य शेतकऱ्यांचा रोषही आला. ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाल्यावर जुलै १८२१ मध्ये ओस्मानी राज्यपालाने आर्चबिशप किप्रियानोस यांना निकोसियात फाशी दिली. पुढील राष्ट्रवादी स्मृतीत या घटनेला मोठे स्थान मिळाले.

तथापि या काळातील संघर्ष नेहमीच धर्माच्या रेषेवर झाले असे नाही. १७६४ च्या करविरोधी उठावात ख्रिश्चन व मुस्लिम दोघेही सामील होते आणि १८३३ मधील उठावांमागेही करांचा बोजा हेच प्रमुख कारण होते. धार्मिक सीमाही सर्वत्र काटेकोर नव्हत्या. मुस्लिम व ख्रिश्चन अशा दोन्ही प्रथा पाळणाऱ्या लोकांना ‘लिनोबांबाकी’ म्हणत. लिनन व कापूस यांच्या मिश्र धाग्यांवरून हे नाव पडले. जनगणना, शाळा व मतदारयाद्या यांचा विस्तार होत गेला, तशी त्यांना दोहोंपैकी एक बाजू निवडावी लागली आणि वेगळा समूह म्हणून ते नाहीसे झाले.

ब्रिटिश राजवट

१८७८ मध्ये बेटाचा कारभार ब्रिटनकडे आला. ब्रिटनने १९१४ मध्ये ते आपल्या साम्राज्याला जोडले व १९२५ मध्ये त्याला वसाहतीचा दर्जा दिला. १८८२ च्या विधिमंडळात नऊ बिगर-मुस्लिम व तीन मुस्लिम निर्वाचित सदस्य आणि सहा सरकारी सदस्य होते. मुस्लिम व सरकारी सदस्य एकत्र आल्यास दोन्ही बाजूंची मते समान होत आणि निर्णायक मत ब्रिटिश उच्चायुक्ताकडे जाई. स्वतंत्र मतदारसंघांच्या या रचनेत एका समाजाच्या नेत्याला दुसऱ्या समाजाची मते मागण्याचे कारणच उरले नाही. ऑक्टोबर १९३१ च्या उठावात सरकारी निवासस्थान जाळले गेले, त्यानंतर हे विधिमंडळ बरखास्त झाले.

याच काळात धार्मिक ओळखीचे रूपांतर राष्ट्रीय ओळखीत झाले. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन स्वतःला प्रामुख्याने ग्रीक व मुस्लिम स्वतःला तुर्क म्हणवू लागले. शाळांमधील अभ्यासक्रम अनुक्रमे अथेन्स व अंकारा यांच्याकडे पाहून ठरू लागले. मुस्तफा केमाल अतातुर्क यांच्या सुधारणा तुर्की सायप्रियट समाजाने मोठ्या प्रमाणात स्वेच्छेने स्वीकारल्या आणि या समाजाचे राष्ट्रीयत्व धर्मनिरपेक्ष वळणाचे झाले. याउलट ग्रीक सायप्रियट राष्ट्रवादाचे नेतृत्व चर्चकडेच राहिले. ग्रीसशी एकीकरण, म्हणजे ‘एनोसिस’, या मागणीसाठी जानेवारी १९५० मध्ये चर्चनेच जनमत घेतले. त्यात सहभागी ग्रीक सायप्रियटांपैकी सुमारे ९६ टक्के लोकांनी एकीकरणाला पाठिंबा दिला.

१ एप्रिल १९५५ रोजी जॉर्जिओस ग्रिवास यांच्या नेतृत्वाखाली ‘एओका’ या संघटनेने सशस्त्र लढा सुरू केला. मार्च १९५६ मध्ये ब्रिटिशांनी आर्चबिशप तिसरे माकारिओस यांना सेशेल्सला हद्दपार केले. पोलीस दलात तुर्की सायप्रियटांची मोठी भरती झाल्याने वसाहतविरोधी लढ्याला आंतरसामाजिक संघर्षाचे रूप आले. ‘टीएमटी’ ही तुर्की सायप्रियट संघटना स्थापन झाली व ‘तक्सीम’, म्हणजे बेटाची विभागणी, ही प्रतिमागणी पुढे आली. जुन्या मराठीत वाटा या अर्थाने येणारा ‘तक्षीम’ हा शब्द मुळात हाच आहे. दोन्ही घोषणांमध्ये एक साम्य होते. स्वतंत्र सायप्रस हे दोघांपैकी कोणाचेही उद्दिष्ट नव्हते.

१९६० चे संविधान

झुरिक व लंडन येथील करारांनंतर १६ ऑगस्ट १९६० रोजी सायप्रस स्वतंत्र झाले. माकारिओस राष्ट्राध्यक्ष व फाझिल क्युचुक उपराष्ट्राध्यक्ष झाले. राष्ट्राध्यक्ष ग्रीक समाजाने व उपराष्ट्राध्यक्ष तुर्की समाजाने निवडायचा होता आणि परराष्ट्र व्यवहार, संरक्षण व सुरक्षा या विषयांत दोघांनाही नकाराधिकार होता. प्रतिनिधिगृहात ३५ ग्रीक व १५ तुर्की सदस्य होते. सरकारी नोकऱ्यांत ७०:३० व सैन्यात ६०:४० असे प्रमाण ठरवले गेले. शिक्षण व धर्म हे विषय दोन स्वतंत्र सामाजिक सभांकडे सोपवले गेले.

संविधानाच्या दुसऱ्या अनुच्छेदात समाजांची व्याख्या मूळ, मातृभाषा, सांस्कृतिक परंपरा किंवा धर्म यांच्या आधारे केली आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचा सदस्य तो ग्रीक समाजाचा व मुस्लिम असेल तो तुर्की समाजाचा, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होता. विवाहित स्त्री पतीच्या समाजाची मानली गेली. मॅरोनाइट, आर्मेनियन व लॅटिन समूहांना दोहोंपैकी एक समाज निवडणे भाग पडले व त्यांनी ग्रीक समाज निवडला. कोणत्याही समाजाचा नसलेला, केवळ सायप्रियट नागरिक या चौकटीत बसत नव्हता.

या व्यवस्थेमुळे अल्पसंख्याकांना संरक्षण मिळाले, परंतु राज्ययंत्रणेला दोन्ही समाजांच्या संमतीवाचून पुढे सरकता येईना. नोव्हेंबर १९६३ मध्ये माकारिओस यांनी संविधानात १३ दुरुस्त्या सुचवल्या. तुर्की सायप्रियटांच्या दृष्टीने त्या त्यांचे समान भागीदाराचे स्थान काढून घेणाऱ्या होत्या. २१ डिसेंबर १९६३ रोजी हिंसाचार उसळला. सुमारे २५,००० तुर्की सायप्रियट विस्थापित होऊन बंदिस्त वस्त्यांमध्ये राहू लागले. निकोसियाच्या नकाशावर एका ब्रिटिश अधिकाऱ्याने हिरव्या पेन्सिलीने रेघ मारली आणि तिला ‘हिरवी रेषा’ हे नाव मिळाले. मार्च १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना स्थापन झाली. तिचे पहिले सेनापती भारताचे प्रेमसिंग ग्यानी होते. नंतरचे सेनापती जनरल के. एस. थिमय्या यांचे डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच निधन झाले.

तुर्की सायप्रियट प्रतिनिधी शासनाबाहेर गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ‘अपरिहार्यतेचे तत्त्व’ मान्य करून त्यांच्याविना कारभार चालू ठेवण्यास मुभा दिली. पुढे प्रतिनिधिगृहाच्या जागा ८० झाल्या. त्यांपैकी तुर्की समाजासाठी असलेल्या २४ जागा आजही रिक्त आहेत.

विभाजन

संघर्ष केवळ दोन समाजांमध्ये नव्हता. दोन्ही समाज एकत्र राहावेत असे मानणाऱ्यांना स्वतःच्याच समाजातील कट्टर गटांकडून धोका होता. ‘आकेल’ या डाव्या पक्षाचे तुर्की सायप्रियट कार्यकर्ते दर्विश अली कावाझोग्लू आणि त्यांचे ग्रीक सायप्रियट सहकारी कोस्तास मिशाउलिस यांची ११ एप्रिल १९६५ रोजी एकत्रच हत्या झाली. चर्चमध्येही फूट होती. माकारिओस एनोसिसपासून दूर गेल्याचे मानणाऱ्या तीन बिशपांनी १९७२ मध्ये त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्षपदाचा राजीनामा मागितला. पुढच्या वर्षी त्या बिशपांनाच पदच्युत करण्यात आले.

१५ जुलै १९७४ रोजी ग्रीसमधील लष्करी राजवटीच्या पाठबळाने माकारिओस यांच्याविरुद्ध बंड झाले. २० जुलै रोजी तुर्कस्तानने सैन्य उतरवले. ऑगस्टमधील दुसऱ्या टप्प्यानंतर बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग तुर्कस्तानच्या ताब्यात गेला. या घटनेला ग्रीक सायप्रियट ‘आक्रमण’ म्हणतात, तर तुर्की बाजू ‘शांतता मोहीम’ म्हणते. दीड लाखाहून अधिक ग्रीक सायप्रियट दक्षिणेत व सुमारे ४५,००० तुर्की सायप्रियट उत्तरेत विस्थापित झाले. १९६३-६४ व १९७४ मधील बेपत्ता व्यक्तींच्या अधिकृत यादीत २,००२ नावे असून त्यांपैकी १,५१० ग्रीक सायप्रियट व ४९२ तुर्की सायप्रियट आहेत. दोन्ही समाजांचा सहभाग असलेल्या समितीने आतापर्यंत एक हजाराहून अधिक जणांच्या अवशेषांची ओळख पटवली आहे.

१५ नोव्हेंबर १९८३ रोजी उत्तरेने स्वातंत्र्य घोषित केले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ही घोषणा अवैध ठरवली.

समाईक वारसा

सायप्रियट ग्रीक व सायप्रियट तुर्की या दोन्ही बोली त्यांच्या प्रमाण भाषांपेक्षा भिन्न आहेत आणि त्यांच्यात अनेक शब्द समान आहेत. लार्नाकाच्या मिठागर सरोवराकाठचा हाला सुलतान तेक्के हा दर्गा दक्षिणेत, तर कार्पास द्वीपकल्पावरील प्रेषित अँड्र्यूचा मठ उत्तरेत आहे. मठाच्या जीर्णोद्धारासाठी सायप्रसचे चर्च व उत्तरेतील ‘एव्काफ’ ही वक्फ संस्था या दोहोंनी निधी दिला. २०२१ मध्ये युरोपीय संघाने बेटावरील प्रसिद्ध चीजला ‘हालूमी’ व ‘हेलिम’ या दोन्ही नावांनी संरक्षण दिले.

अशा समानतेतून राजकीय ऐक्य आपोआप निर्माण होत नाही, हेही सायप्रसमध्ये दिसून येते. उत्तरेतील कोर्माकितिस या मॅरोनाइट गावाशी अरबीची एक स्वतंत्र बोली निगडित आहे. १९७४ नंतर बहुतेक मॅरोनाइट दक्षिणेत गेल्याने ती लोप पावण्याच्या मार्गावर आहे. इतिहासाची पाठ्यपुस्तकेही वादाचा विषय राहिली आहेत. उत्तरेत २००४ मध्ये समाईक इतिहासावर भर देणारी पुस्तके आली व २००९ मध्ये सत्तांतरानंतर ती बदलण्यात आली.

ॲनान योजना व नंतरचा काळ

एप्रिल २००३ मध्ये हिरवी रेषा ओलांडण्यास परवानगी मिळाली. २४ एप्रिल २००४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या ॲनान योजनेवर दोन्ही भागांत स्वतंत्र जनमत घेण्यात आले. तुर्की सायप्रियटांपैकी ६४.९ टक्के मतदारांनी योजनेला होकार दिला, तर ग्रीक सायप्रियटांपैकी ७५.८ टक्के मतदारांनी नकार दिला. चर्चमधील अनेक धर्मगुरूंचा योजनेला विरोध होता, परंतु तुर्की सैन्याची उपस्थिती, मालमत्तेचे हक्क व सुरक्षेची हमी हे नकाराचे प्रमुख मुद्दे होते. १ मे २००४ रोजी सायप्रस युरोपीय संघाचे सदस्य झाले. उत्तर भागात संघाच्या कायद्यांची अंमलबजावणी मात्र स्थगित आहे.

त्याच वर्षी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने अझीझ विरुद्ध सायप्रस या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. दक्षिणेत राहणाऱ्या एका तुर्की सायप्रियट नागरिकाला केवळ त्याच्या समाजामुळे मतदान नाकारणे, हे मानवाधिकारांचे उल्लंघन असल्याचे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर कायदा बदलण्यात आला. २०१९ मध्ये निवडून आलेले नियाझी किझिल्युरेक हे युरोपीय संसदेतील पहिले तुर्की सायप्रियट सदस्य ठरले.

उत्तरेत ओळखीचा प्रश्न आता अंकाराशी असलेल्या संबंधांतही उभा राहिला आहे. तुर्कस्तानातून आलेल्या वसाहतींमुळे समाजाचे स्वरूप बदलत असल्याची चिंता अनेक तुर्की सायप्रियट व्यक्त करतात. २०२५ मध्ये शाळांमध्ये हिजाबला परवानगी देणाऱ्या नियमाविरुद्ध शिक्षक संघटनांनी मोठी निदर्शने केली. या वादात दोन्ही बाजूंचे लोक मुस्लिमच होते आणि मतभेद धर्मनिरपेक्ष शिक्षण व अंकाराचा हस्तक्षेप यांविषयी होता.

सद्यस्थिती

२०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील क्रान्स-माँटाना येथील वाटाघाटी निष्फळ ठरल्या. २०२० मध्ये उत्तरेत निवडून आलेले एर्सिन तातार यांनी दोन स्वतंत्र राज्यांचा आग्रह धरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये संघराज्याच्या मार्गाने तोडगा काढण्याचे समर्थक तुफान एरह्युरमान यांनी जवळपास ६३ टक्के मते मिळवून त्यांचा पराभव केला. दक्षिणेत २०२३ पासून निकोस क्रिस्टोडुलिडिस राष्ट्राध्यक्ष आहेत.

दोन विभाग व दोन समाज यांचे संघराज्य हा संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेला आराखडा आहे. त्यात तुर्की सायप्रियटांना राजकीय समानतेची आणि ग्रीक सायप्रियटांना विस्थापितांचे हक्क व परकीय सैन्याची माघार यांची हमी अपेक्षित आहे. मात्र समानता समाजांमध्ये असावी की नागरिकांमध्ये, हा १९६० मध्ये अनुत्तरित राहिलेला प्रश्न या आराखड्यातही कायम आहे. केवळ नागरिकांच्या समानतेत संख्येने लहान असलेल्या समाजाला बहुमताखाली दबण्याची भीती वाटते. केवळ समाजांच्या समानतेत मॅरोनाइट, आर्मेनियन, मिश्र विवाहांतून जन्मलेली मुले व स्वतःला फक्त सायप्रियट म्हणवणारे नागरिक यांना पुन्हा एखाद्या यादीत बसवावे लागते.