जोडचाकांची स्कूटर
स्कूटरच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी एकेक चाक जोडायचं, पायाचा ब्रेक हाताशी आणायचा, मागे घडीच्या व्हीलचेअरला जागा करायची. गल्लीतला वेल्डिंगवाला हे करून देतो आणि एक माणूस कुणाची वाट न बघता कामाला जाऊ लागतो. ‘हा जुगाड धोक्याचा’ म्हणणाऱ्यांनी पाहावं, सिग्नलला ज्याला पाय टेकता येत नाही त्याची गाडी उभी राहते ती याच चाकांवर. कच्चा जोड, वळणावरचा अडखळता तोल ही भीती खरीच. पण तिच्यावर इलाज तपासणीचा, बंदीचा नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अपंगांसाठीच्या अशा फेरफाराला वाव देतं, २०१९च्या दुरुस्तीनंतर तर अधिक स्पष्टपणे. तेव्हा प्रत्येक आरटीओने महिन्यातला एक दिवस या गाड्यांसाठी राखावा, आणि तपासणी तळमजल्यावरच करावी.